धडगांवची वाट आणि मालमोटारीचीं दोन चाकें

सातपुड्याच्या डोंगरांत, नर्मदेच्या दक्षिणेस, अक्राणी तालुक्याचें मुख्य ठिकाण धडगांव वसलेलें आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हांपासून हा तालुका त्या जिल्ह्यांत मोडतो. येथें आगगाडी नाहीं. सर्वांत जवळचा लोहमार्ग म्हणजे सुरतेहून भुसावळकडे जाणारा तापी खोऱ्यांतील मार्ग. आणि तोहि डोंगर उतरून, तापी ओलांडून, नंदुरबारला गेल्यावर लागतो. तळोद्याकडून चांदसैली घाटानें यावें, शहाद्याकडून म्हसावदवरून यावें, किंवा अक्कलकुव्याकडून मोलगीवरून यावें. डोंगर चढल्यावांचून धडगांव गांठतां येत नाहीं. रेशनचें धान्य, सिमेंट, औषधें, दुकानांतला माल हें सर्व मोटारीनें वर चढतें आणि डोंगरांत पिकलेलें जें कांहीं विकावयाचें, तें मोटारीनेंच खालीं उतरतें.

उतरणाऱ्या मालांत आमचुराचें महत्त्व मोठें आहे. एप्रिल-मे महिन्यांत या तालुक्यांत घरोघर कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी करून, खडकावर व खळ्यावर उन्हांत वाळत घातलेल्या दिसतात. पुष्कळ भिल्ल व पावरा कुटुंबांच्या हातीं वर्षांतून एकदां येणारा रोख पैसा तो हाच. वाळलेल्या फोडीला पाणी लागलें कीं तिचा रंग जातो आणि रंगाबरोबर भावहि जातो. म्हणून पहिल्या सरींच्या आंत माल खालीं पोंचविण्याची सर्वांनाच घाई असते; आणि वळवाचा पाऊस नेमका त्याच दिवसांत येतो.

अशा वेळीं पाड्याच्या वाटेवर दिसणारा एक देखावा तेथील लोकांच्या परिचयाचा आहे. पोत्यांनीं भरलेली पिकअप गाडी चढावर उभी आहे. तिचें मागचें डावें चाक मुरमाच्या घट्ट जमिनीवर आहे, उजवें चाक ओल्या चिकणमातींत आहे. चालक ॲक्सिलरेटर दाबतो. उजवें चाक भिरभिर फिरूं लागतें, चिखल उडवितें, आपल्यापुरता खड्डा खणतें. डावें चाक मात्र जागचें हलत नाहीं. त्याच्याखालीं चांगली जमीन आहे, इंजिनांत जोर आहे, आणि तरीहि तें स्तब्ध आहे. भोंवतालची मंडळी दगड आणतात, फांद्या आणतात, खांदा लावतात. पोंचायला उशीर होतो, आभाळ भरून येतें. गाडींत आमचुराऐवजीं दवाखान्यांत न्यावयाचा रोगी असला, तर त्या उशिराची किंमत निराळीच होते.

घट्ट जमिनीवरचें चाक स्वस्थ कां बसतें, याचें उत्तर मागच्या आसाच्या मध्यभागीं असलेल्या गोलाकार लोखंडी डब्यांत आहे. त्या डब्यांतील यंत्राला डिफरन्शियल म्हणतात. त्याला वेसण घालणारीं जीं निरनिराळीं साधनें आहेत, त्यांतील कोणतें कोणत्या गाडीला घ्यावें हा प्रश्न मालमोटार विकत घेणारापुढें येतो, आणि विक्रेत्याच्या छापील पत्रकावरून त्याचा उलगडा क्वचितच होतो.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं बैलगाडीचीं चाकें न्याहाळलीं असतील, त्यांना ठाऊक असेल कीं तेथें आस स्थिर असतो आणि दोन्ही चाकें त्याच्याभोंवतीं मोकळीं फिरतात. बैल गाडी ओढतात. चाकांना कोणी फिरवीत नाहीं. त्यामुळें वळणावर बाहेरचें चाक जास्त फिरलें आणि आंतलें कमी फिरलें तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मोटारींत मात्र इंजिन चाकांनाच फिरवितें. दोन्ही चाकें एकाच दांड्याला घट्ट बसविलीं, तर त्यांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतील. आणि वळणावर तें शक्य नसतें. घाटांतील एका पूर्ण उलट्या वळणाचा हिशेब मांडून पाहावा. गाडीच्या दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर असेल, तर अर्धवर्तुळ फिरतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां सुमारें ४.४ मीटर अधिक चालावें लागतें. गंमत अशी कीं वळण रुंद असो वा अरुंद असो, हा फरक तेवढाच राहतो. चाकाचा घेर सव्वादोन मीटरांच्या आसपास धरला, तर दर वळणाला बाहेरचें चाक जवळजवळ दोन फेऱ्या जास्त घेतें. हा फरक पडूं देणारें यंत्र नसेल, तर डांबरी रस्त्यावर एक तरी टायर फरफटला जाईल, किंवा आस पिळवटेल.

पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यानें वाफेच्या गाडीसाठीं अशी योजना १८२७ सालींच मांडली होती. परंतु ती लोकांच्या वापरांत आणण्याचें श्रेय कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ले यास देतात. त्याच्याविषयीं अशी गोष्ट सांगितली जाते, कीं तो आणि त्याचा मुलगा शेजारीं शेजारीं बसून पायांनीं चालविण्याची एक गाडी हांकीत होते. एकाच्या पायडलानें एका बाजूचें चाक व दुसऱ्याच्या पायडलानें दुसऱ्या बाजूचें चाक फिरे. मुलगा तरुण, त्याच्या पायांत जोर अधिक. त्यामुळें गाडी एका अंगाला वळत वळत रस्त्याकडेच्या खाजकुइलीसारख्या झुडुपांत शिरली. दोघांचा जोर एकत्र करून दोन्ही चाकांना सारखा वांटून देणारीं दांतेरीं चक्रें स्टार्लेनें त्यानंतर १८७७ सालीं तयार केलीं. बापाची आणि मुलाची ही अडचण ध्यानांत ठेवली, तर पुढचें सर्व समजण्यास सोपें जातें. कारण डिफरन्शियल फेऱ्यांचा फरक पडूं देतें, पण जोराचा फरक पडूं देत नाहीं. दोन्ही चाकांना तें नेहमीं सारखाच जोर देतें.

हीच त्याची न्यायबुद्धि चिखलांत अंगाशीं येते. भरलेल्या पिकअपचें वजन ३००० किलो धरावें. त्यांपैकीं २००० किलो मागील आसावर, म्हणजे प्रत्येक मागच्या चाकावर १००० किलो. कोरड्या मुरमावर टायरची पकड वजनाच्या सहा-दशांश आणि ओल्या चिकणमातींत दोन-दशांश समजावी. जमीन व टायर यांप्रमाणें हे आंकडे पुष्कळ बदलतात. येथें ते हिशेबाच्या सोयीसाठीं घेतले आहेत. डाव्या चाकाला मग ६०० किलोइतका रेटा देतां येतो, उजव्याला फक्त २००. चढ सहांस एक असला तर गाडी वर न्यावयास ५०० किलोंचा रेटा लागतो, आणि मऊ जमिनींत चाक रुतण्याचा अडथळा म्हणून आणखी १५० धरले, तर एकंदर ६५० किलो हवेत. उजवें चाक २०० किलोंना निसटतें. तें निसटलें कीं त्याच्यावर त्याहून जास्त जोर टिकत नाहीं. आणि दोघांना सारखाच जोर द्यावयाचा या नियमानें डाव्या चाकालाहि २०० च मिळतात. बेरीज ४००. गाडी हलत नाहीं. इंजिन दुप्पट ताकदीचें असतें तरी हा आंकडा ४०० च राहिला असता.

येथें चालकांच्या एका लाडक्या युक्तीचा विचार करण्यासारखा आहे. चाक फिरूं लागलें कीं हॅंडब्रेक थोडा ओढावा, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला अडथळा होऊन जोर दुसऱ्याकडे जातो, अशी ही समजूत आहे. ब्रेकनें प्रत्येक चाकाला १०० किलोंइतका विरोध होतो असें मानूं. उजवें चाक आतां २०० अधिक १००, म्हणजे ३०० पर्यंत जोर घेईल. डाव्यालाहि ३०० मिळतील. परंतु डाव्या चाकावरहि तोच ब्रेक ओढलेला आहे. त्यानें १०० खाल्ले, उरले २००. बेरीज पुन्हां ४००! साध्या डिफरन्शियलवर ही युक्ति एका हातानें देते आणि दुसऱ्या हातानें काढून घेते. ती सर्वस्वीं खोटी मात्र नव्हे. दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रावर ती चालते, तें पुढें येईल.

साध्या डिफरन्शियलच्या या दोषावर दोन दिशांनीं उपाय निघाले. एक घसरण मर्यादित करण्याचा, दुसरा दोन्ही चाकें कांहीं वेळ एकत्र जखडून टाकण्याचा.

घसरण मर्यादित करण्याचा विचार ओझ्याच्या गाड्यांपेक्षां शर्यतीच्या गाड्यांमुळें पुढें आला. जर्मनींतील ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींत इंजिनाचा जोर इतका होता, कीं भर वेगांतहि एक मागचें चाक निसटून फिरे. फर्डिनांड पोर्शे यानें १९३५ सालीं झेड-एफ या कारखान्याकडून त्यावर उपाय करवून घेतला. आज या जातींत दोन प्रकार मुख्य आहेत. पहिल्यांत डब्याच्या आंत चकत्यांची चवड दाबून बसविलेली असते. एक चाक दुसऱ्यापेक्षां जलद फिरूं लागलें कीं चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणानें कांहीं जोर मंद चाकाकडे जातो. दुसऱ्यांत चकत्या नसतात. तिरप्या दांत्यांचीं चक्रें अशीं रचलेलीं असतात, कीं एका चाकाची पकड सुटली म्हणजे तीं एकमेकांना आवळून धरतात. ही रचना अमेरिकेंतील व्हर्नन ग्लीसमन यानें १९५८ सालीं पेटंट केली.

या यंत्रांचें सामर्थ्य एका प्रमाणानें सांगतात: चांगल्या जमिनीवरच्या चाकाला घसरणाऱ्या चाकाच्या किती पट जोर मिळतो, हें तें प्रमाण. दुप्पट असेल तर आपल्या चढावर उजव्याचे २०० आणि डाव्याचे ४०० मिळून ६०० किलो होतात. हवे होते ६५०. गाडी थोडक्यांत राहिली. तिप्पट असेल तर ८०० होऊन ती चढून जाते. मघांची हॅंडब्रेकची युक्ति येथें उपयोगीं पडते. दुपटीच्या यंत्रावर १०० चा ब्रेक लावला, तर उजवें चाक ३०० घेतें, डाव्याला ६०० मिळतात, त्यांतून ब्रेकचे १०० वजा जातां ५०० राहतात; उजव्याचे २०० मिळवून ७०० होतात, आणि अडलेली गाडी निघते. मात्र पट कितीहि मोठी असो, शून्याची पट शून्यच. नाल्याच्या दगडांत एक चाक अधांतरीं राहिलें, तर दांत्यांच्या यंत्राला आवळायलाच कांहीं उरत नाहीं. चकत्यांच्या यंत्रांत मुळांतच थोडा दाब दिलेला असतो, म्हणून तें तेवढा थोडा जोर देतें. पण ओझ्याच्या गाडीला तो सहसा पुरत नाहीं. शिवाय चकत्या झिजतात, त्यांना खास मिसळणीचें तेल लागतें, आणि तें कळण्यासारखा मिस्त्री गांवोगांवीं नसतो. साधें तेल ओतलें कीं वळणावर चकत्या अडखळत, कुरकुरत फिरूं लागतात. झिजलेलें यंत्र कांहीं न सांगतां साध्या डिफरन्शियलसारखें वागूं लागतें. मालकाला तें पहिल्या चिखलांतच समजतें.

जखडण्याचा उपाय याहून सरळ आहे. डब्यांतील एक दांतेरी कडी सरकवून एका बाजूचा दांडा डब्यालाच अडकवितात. मग दोन्ही चाकें एकाच फेरींत फिरतात, जणूं डिफरन्शियल नाहींच. उजवें चाक आपले २०० देतें, डावें आपले ६०० देतें, बेरीज ८००. एक चाक अधांतरीं असलें तरी जमिनीवरच्या चाकाची सगळी पकड कामीं येते. ही कडी चालकानें बटण दाबून, दांडी ओढून किंवा हवेच्या दाबानें सरकवावयाची असते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडींत पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना अशीं लॉक आहेत. खाणींत व बांधकामावर चालणाऱ्या मोठ्या टिपरांत मागचे दोन्ही आस एकमेकांना जोडणारें लॉक निराळें आणि आसावरील दोन्ही बाजूंचीं चाकें जखडणारें निराळें असतें. पहिलें लावलें म्हणजे दुसरें लागलें असें समजून बसणारे चालक पुष्कळ आहेत.

तिसरी जात स्वयंचलित लॉकची. महिंद्राच्या थार गाडींत २०१५ पासून, आणि बोलेरो निओच्या एका प्रकारांत २०२१ मध्यें, ईटन या कंपनीचें असें यंत्र बसविलें गेलें. दोन चाकांच्या गतींत मिनिटाला सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडला कीं त्यांतील लहान वजनें बाहेर फेंकलीं जातात, एक खटका अडकतो आणि आस जखडला जातो. गाडीचा वेग ताशीं सुमारें ३० किलोमीटरांच्या वर असला, तर तो खटका अडकतच नाहीं. चालकाला कांहीं करावें लागत नाहीं, किंबहुना कांहीं करतांहि येत नाहीं. साध्या वळणावर चाकांच्या गतींतील फरक इतका मोठा नसतो, म्हणून घाटांत तें निमूट राहतें.

याशिवाय अलीकडे पुष्कळ गाड्यांत संगणकाच्या आज्ञेनें फक्त घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक लावण्याची सोय असते. ती खरोखर काम करते, कारण हॅंडब्रेकप्रमाणें दुसऱ्या चाकाला ती धरीत नाहीं. परंतु चढावर बराच वेळ झटापट चालली, कीं ब्रेक तापतात. आणि तेच ब्रेक पुढें उतारावर लागावयाचे असतात. डोंगरांतील मालमोटारीनें तिच्यावर सर्वस्वीं विसंबणें शहाणपणाचें नाहीं.

येथपर्यंतचा हिशेब पाहिला तर कोणीहि म्हणेल, कीं जखडणारें लॉक सर्वांत बलवान्, तेंच घ्यावें. आणि कांहीं ठिकाणीं तर मालक डब्यांतील चक्रें वेल्डिंग करून कायमचीं जोडून टाकतात. थोड्या पैशांत लॉक मिळालें, असें त्यांना वाटतें. धडगांवच्या वाटेवर हाच विचार सर्वांत घातक आहे, आणि त्याचें कारण चाकाच्या दुसऱ्या एका कामांत आहे.

चाक गाडीला पुढें ढकलतें, तसेंच तें तिला आडवें सरकूं देत नाहीं. जें चाक जागच्या जागीं फिरूं लागतें, तें हें दुसरें कामहि सोडून देतें. जमिनीवर त्याची पकड कोणत्याच दिशेला राहत नाहीं. पाड्यांच्या वाटा डोंगराच्या कुशींतून कोरून काढलेल्या; त्यांचा एक अंग डोंगराकडे, दुसरा दरीकडे, आणि पुष्कळ ठिकाणीं वाटेचा कल दरीकडेच असतो. साधें डिफरन्शियल असतां एक चाक फिरतें, गाडी पुढें जात नाहीं. पण दुसरें स्तब्ध चाक मुकाट्यानें तिची शेपटी धरून ठेवतें. जखडलेला आस असला आणि दोन्ही चाकांखालीं ओली माती असली, तर दोन्ही चाकें एकदम फिरतात, दोघांचीहि आडवी पकड सुटते, आणि गाडीचें मागचें अंग उताराच्या बाजूला, म्हणजे दरीकडे, सरकूं लागतें. मघांशीं ज्या स्तब्ध चाकाचा राग आला, तें तेथें गाडीला दरीपासून राखीत होतें. गाडी रिकामी असेल तर हा धोका वाढतो, कारण मागच्या चाकांवर ओझें नसतें.

वळणाचा धोका वेगळा. जखडलेलीं दोन चाकें गाडीला सरळ रेटतात. पुढचीं चाकें वळलेलीं असलीं तरी ओल्या डांबरावर तीं निसटून गाडी सरळच जाऊं पाहते. चांदसैलीसारख्या अरुंद घाटांत सरळ जाणें म्हणजे कठड्यावर जाणें. आणि यंत्राचें म्हणावें, तर साध्या डिफरन्शियलमध्यें प्रत्येक बाजूच्या दांड्यावर अर्धाच जोर येतो; जखडल्यावर सगळा जोर एकट्या दांड्यावर येऊं शकतो. भरलेल्या गाडींत, खडकांत अडकलेल्या चाकावर, पहिल्या गिअरमध्यें तो दांडा तुटला, कीं गाडी तेथेंच राहिली. म्हणून वेल्डिंग केलेला आस घाटांत न आणावा हेंच बरें. वाहनाच्या मूळ रचनेशीं न जुळणारा फेरबदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहे, तेंहि विसरतां येत नाहीं. यास्तव जें यंत्र हवें तें गाडी घेतांनाच मागून घ्यावें, नंतर बसवीन असें म्हणून नव्हे.

मग निवड कशी करावी? गाडी कोठें अडते, हें आधीं पाहिलें पाहिजे. जी मालमोटार शहादें व धडगांव यांच्यामध्यें डांबरी रस्त्यानेंच ये-जा करते, तिला साधें डिफरन्शियल आणि चांगल्या खांचांचे टायर पुरेत. लॉकवरचा खर्च टायर आणि ब्रेक यांवर केला तर तो अधिक सत्कारणीं लागेल. जिला पाड्यापर्यंत जावें लागतें, तिचा प्रवास बहुतेक डांबरावर आणि वळणांवर होतो. अडचणीची जागा शंभर-दोनशें मीटरांची असते. अशा गाडीला सगळा दिवस मोकळें राहणारें आणि तेवढ्या जागीं घट्ट धरणारें यंत्र पाहिजे. मालक स्वतः गाडी हांकीत असेल, वाट त्याच्या पायाखालची असेल, तर चालकाच्या हातचें लॉक उत्तम. चिखलापूर्वी गाडी थांबवून लॉक लावणें, सरळ ठेवून हळू पार होणें, कोरड्या जमिनीवर येतांच काढणें, आणि दरीकडे कललेल्या वाटेवर न लावणें, हें तो जाणून करील. फिरतें चाक पाहून घाईघाईनें लॉक लावूं नये. फिरत्या कडीवर स्थिर कडी आदळली म्हणजे दांते उडतात.

चालक बदलते असतील, तर हातचें लॉक धोक्याचें. एकानें लावलेलें दुसरा विसरतो आणि तसाच घाट उतरूं लागतो. तेथें स्वयंचलित लॉक बरें. तें विसरत नाहीं. त्याचाहि एक दोष आहे: कललेल्या ओल्या वाटेवर तें नको त्या क्षणीं झटक्यानें अडकूं शकतें. तेथें चाक फिरूं लागतांच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, म्हणजे खटका सुटतो. हें चालकाला गाडी सोंपवितांनाच शिकवून ठेवावें. घसरण मर्यादित करणारें चकत्यांचें यंत्र मात्र या भागांत ओझ्याच्या गाडीला घेऊं नये असें वाटतें. पाऊस पडलेल्या सपाट रस्त्यावर जलद जाणाऱ्या हलक्या गाडीचें तें काम. येथें त्याची मदत अर्धवट आणि निगा मोठी.

खेदाची गोष्ट ही, कीं लॉकची सोय शौकाच्या गाड्यांत सहज मिळते. ज्या भारवाहू पिकअपवर डोंगराचा व्यवहार चालतो, त्यांत बहुधा साधेंच डिफरन्शियल असतें. चारहि चाकांना जोर देणारी गाडी घेतली तर अडचण पुष्कळ हटते, पण संपत नाहीं: दोन्ही आसांवर साधें डिफरन्शियल असेल आणि पुढचें एक व मागचें एक चाक अधांतरीं असेल, तर चार चाकांची गाडीहि जागीं उभी राहते. आणि सप्टेंबर २०२१ मध्यें चांदसैली घाटांत दरड कोसळून रस्ता बंद झाला, तशा वेळीं कोणतेंच यंत्र उपयोगाचें नसतें. तेथें रस्त्याचीच दुरुस्ती व्हावयास हवी.

साधी पिकअप घेऊन जे आज डोंगरांत जातात, त्यांना तूर्त दोन-तीन गोष्टी करतां येतात. ओझें मागच्या आसावर मध्यभागीं आणि दोन्ही बाजूंना सारखें भरावें. एका अंगाला झुकलेलें ओझें दुसऱ्या चाकाची पकड हिरावतें, आणि वरील हिशेबाप्रमाणें दुबळ्या चाकाचाच आंकडा दुपटीनें धरला जातो. म्हणून पोतीं, फांद्या व दगड फिरणाऱ्या चाकाखालींच घालावे. त्या चाकाची पकड ५० किलोंनीं वाढली, तर गाडीचा रेटा १०० किलोंनीं वाढतो.

जुनी गाडी घेणारानें आंत कोणतें यंत्र आहे, याची खात्री स्वतः करून घ्यावी. सपाट जागीं पुढच्या चाकांना दगड लावून, मागचा आस जॅकवर नीट आधार देऊन उचलावा. गाडी न्यूट्रलमध्यें, हॅंडब्रेक सोडलेला. मग एक मागचें चाक हातानें फिरवावें. दुसरें चाक उलट्या दिशेला सहज फिरलें, तर आंत साधें डिफरन्शियल आहे, किंवा चकत्या झिजून गेलेलें यंत्र आहे. दोन्ही एकाच दिशेला फिरलीं, तर चकत्यांना अजून दाब आहे, किंवा आस जखडलेला आहे. त्यांत बराच जोर लावल्यावर चाकें उलटसुलट सरकलीं तर चकत्या, आणि मुळींच सरकलीं नाहींत तर लॉक अडकून राहिलें आहे किंवा कोणीं तरी वेल्डिंग केलें आहे असें समजावें. स्वयंचलित लॉक या परीक्षेंत फसवितें; हातानें हळू फिरविलें असतां तें साध्या डिफरन्शियलसारखेंच वागतें. त्यासाठीं आसाच्या डब्यावरची पट्टी वाचावी, किंवा कारखान्याच्या विक्रेत्याकडे गाडीचा क्रमांक देऊन विचारावें.